टेप लावा, मग बोला: इमारतीची पाहणी आपल्याच गटाने कशी करावी

इमारतीच्या दाराशी सिमेंटचा उतार असतो. शेजारच्या भिंतीवर व्हीलचेअरचं निळं चित्र असतं. तपासणीच्या कागदावर 'रॅम्प: आहे' अशी खूण झालेली असते आणि संबंधितांच्या लेखी विषय तिथेच मिटलेला असतो. त्या उतारावरून कोणी एकट्याने चढू शकतं का, हे कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून अपंगांच्या संघटनेने, किंवा अगदी सात-आठ जणांच्या गटानेही, एक काम शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सार्वजनिक इमारतीत टेप घेऊन जायचं, मोजायचं, लिहून काढायचं आणि ते आकडे पुढे ठेवून बोलायचं. 'इमारत गैरसोयीची आहे' असं म्हटलं की 'बघू' असं उत्तर येतं. 'मुख्य दाराचा उतार १:७ आहे, तो १:१२ हवा' (म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी हवी) असं म्हटलं की समोरच्याला निदान आकडा तरी खोडून काढावा लागतो.

गट मिश्र हवा, यात तडजोड नको. हाताने चालवायची व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, शक्य असेल तर विजेची व्हीलचेअर वापरणारी दुसरी, कुबड्या किंवा वॉकर वापरणारी एक, पांढरी काठी घेऊन चालणारी एक, अंशतः दिसणारी एक, खुणांची भाषा बोलणारी एक, श्रवणयंत्र लावणारी एक, आणि बौद्धिक अपंगत्व असलेली एक. बहुतेक गटांत शेवटच्या व्यक्तीला बोलावलं जात नाही, आणि इमारतीतल्या पाट्यांची खरी परीक्षा तीच व्यक्ती घेऊ शकते. विजेच्या व्हीलचेअरचं एकटीचंच वजन १०० किलोच्या वर जाऊ शकतं. 'चार माणसं उचलून आत घेतील' हे उत्तर तिच्यापुढे टिकत नाही. खरं तर ते कोणत्याच व्हीलचेअरपुढे टिकू नये. उचलताना माणूस पडतो, खुर्ची वाकते, आणि आत कधी जायचं हे दुसऱ्यांच्या सवडीवर ठरतं.

सोबत काय न्यायचं? पाच मीटरचा धातूचा टेप, गवंड्याकडची पाणसळ, बरोब्बर एक मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी, बॅगेचं वजन करायचा हुकवाला काटा, खडू, आणि फोटो काढायला फोन. लिहिणारी व्यक्ती एक आणि मोजणारी दुसरी ठेवा. मोजणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे न दिसणाऱ्या सदस्यालाही तो त्याच क्षणी कळतो आणि फोनवर ध्वनिमुद्रणही होतं.

दुभाषाची सोय जाण्याआधीच करा, आणि दोन दुभाषी घ्या. सलग वीस-तीस मिनिटांनंतर एकट्या दुभाषाची अचूकता घसरते, म्हणून ते आलटून पालटून काम करतात. पाहणीत एक चूक हटकून होते. भिंतीकडे बोट दाखवत बोललं जातं. कर्णबधिर व्यक्तीला भिंत आणि दुभाषाचे हात एकाच वेळी बघता येत नाहीत. आधी बोलायचं, थांबायचं, दुभाषी संपवेल तोवर वाट पाहायची, मग दाखवायचं. यात वेळ जातो. दोन मजल्यांच्या इमारतीला एक तास ठरवला असेल तर तो तीन तास धरा.

मोजमापांचे आकडे देशागणिक थोडे बदलतात, तेव्हा आपल्याला लागू असलेली नियमावली आधी मिळवून वाचा. आंतरराष्ट्रीय पातळीवर इमारती अपंगांना वापरता येण्याबद्दल आयएसओ २१५४२ हे मानक आहे. खाली दिलेले आकडे बहुतेक ठिकाणच्या नियमांच्या आसपासचे आहेत.

सुरुवात इमारतीच्या दारापासून करू नका. बस थांबते किंवा गाडी उभी राहते तिथून सुरुवात करा, कारण येणारी व्यक्ती तिथूनच येते. दारात उत्तम रॅम्प आणि फाटकाजवळ रुंद फटींची गटाराची जाळी, असं सर्रास दिसतं. जाळीची फट १३ मिमीपेक्षा रुंद नसावी आणि फटी चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात. त्या उभ्या असल्या की व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक आणि काठीचं टोक, दोन्ही त्यात अडकतं.

आता रॅम्प. एक मीटरची पट्टी उताराच्या दिशेने ठेवा, तिच्यावर पाणसळ ठेवा आणि खालच्या बाजूचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. ८३ मिमी आलं तर उतार १:१२ आहे. ५० मिमी म्हणजे १:२०, हा आरामाचा उतार. १०० मिमी म्हणजे १:१०, आणि १२५ मिमी म्हणजे १:८, जिथे हाताने चाक ढकलणाऱ्या बहुतेकांचा दम तुटतो. एकाच जागी मोजून थांबू नका. खाली, मध्ये आणि वर अशा तीन जागी मोजा. वरचा शेवटचा मीटर अनेकदा सगळ्यात खडा निघतो, कारण बांधणाऱ्याने खालून सुरुवात केलेली असते आणि उरलेली उंची दाराशी कशीबशी जुळवलेली असते. मग पट्टी आडवी ठेवून बाजूचा कल बघा. तो मीटरला २० मिमीपेक्षा जास्त असेल तर व्हीलचेअर सारखी एका अंगाला ओढली जाते आणि एकच हात सगळं काम करतो.

उतार चुकतो तो बहुतेकदा हिशेबामुळे. १५० मिमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिमी चढ. १:१२ ने त्याला ५.४ मीटर लांबी लागते. दारासमोर जागा असते तीन मीटर. ठेकेदार त्या तीन मीटरमध्ये उतार बसवतो आणि बिल लावतो. तेव्हा नुसतं 'रॅम्प खडा आहे' असं न लिहिता चढ किती, लांबी किती हवी आणि जागा किती आहे, हे तिन्ही लिहा. लगेच पुढचा प्रश्न निघतो, आणि तोच महत्त्वाचा असतो: मध्ये सपाट जागा देऊन रॅम्प वळवता येईल का, बाजूच्या दाराशी चढ कमी आहे का, की उचलणारा प्लॅटफॉर्म बसवावा लागेल?

रॅम्पच्या माथ्यावर दारासमोर १५०० मिमी लांब-रुंद सपाट जागा हवी. ती नसते तेव्हा काय होतं ते नीट बघून ठेवा आणि तसंच अहवालात लिहा. व्हीलचेअरवरची व्यक्ती उतारावरच उभी आहे, दार तिच्या अंगावर उघडणारं आहे. एक हात दार ओढायला गेला की उरलेल्या एका हाताने चाक धरायचं. ते घसरलं की खुर्ची मागे. दोन हात असलेल्या माणसाला तिथे तीन हात लागतात.

कठडे दोन्ही बाजूंना, साधारण ८५० ते ९५० मिमी उंचीवर, आणि उताराच्या दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे आलेले असावेत. ही पुढे आलेली दांडी शोभेची म्हणून कापून टाकतात. न दिसणाऱ्या व्यक्तीला उतार कुठे सुरू झाला हे तिच्यामुळेच कळतं, आणि कुबड्यांवरच्या व्यक्तीला पहिलं पाऊल टाकण्याआधी पकडायला तिथेच मिळतं. उघड्या कडेला १०० मिमी उंचीची कड हवी, नाहीतर पुढचं चाक खाली उतरतं. रॅम्प आणि जमीन जिथे मिळतात तिथला टप्पा बोटाने चाचपून बघा. ६ मिमीच्या वर खडा टप्पा असेल तर नोंदवा. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही, पण लहान चाक त्याला अडून थबकतं आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते.

दाराची रुंदी चौकटीत मोजू नका. दार ९० अंशांत उघडून, दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत मोजा. ९०० मिमीच्या चौकटीतून दाराची जाडी आणि चौकटीची खाच वजा जाता मोकळी जागा ८४०च्या आसपास उरते. ८०० हे अगदी कमीत कमी. दोन पाखांच्या दाराकडे विशेष बघा. १२०० मिमीचं दार म्हणून कागदावर नोंद असते, प्रत्यक्षात एका पाखाची वरची कडी कायम लावलेली असते आणि जायला ६०० उरतात. हा दोष दूर करायला एक पैसाही लागत नाही, आणि तरी तो वर्षानुवर्षं तसाच असतो. दार ओढायला किती जोर लागतो हे हुकवाल्या काट्याने मुठीपाशी ओढून बघा. आतल्या दारांना सव्वादोन किलोपेक्षा जास्त जोर लागू नये. लागत असेल तर दार आपोआप बंद करणाऱ्या वरच्या डोअर क्लोझरचा स्क्रू फिरवून तो बहुधा कमी करता येतो.

स्वच्छतागृहात सगळ्यात जास्त वेळ द्या. माणूस घराबाहेर किती तास राहू शकतो, हे तिथे ठरतं. अनेक जण बाहेर पडायच्या आधी पाणी पीत नाहीत, याचं कारण ही खोलीच असते. पहिलं काम, दार उघडून आत काय ठेवलंय ते बघायचं. बादल्या, झाडू, मोडक्या खुर्च्या आणि कागदाची खोकी यांचा फोटो काढा. मग मोजा. व्हीलचेअर फिरायला १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा. कमोडची बैठक ४३० ते ४८५ मिमी उंच, म्हणजे साधारण व्हीलचेअरच्या बैठकीइतकी. कमोडच्या एका बाजूला ९०० मिमी मोकळी जागा, कारण खुर्ची तिथे शेजारी लावायची असते, खुर्चीची हात टेकायची बाजू काढायची असते, दांडीवर भार टाकून अंग आडवं सरकवायचं असतं. त्या जागेत कचऱ्याचा डबा ठेवला असेल तर बाकी सगळी मापं बरोबर असूनही ती खोली निरुपयोगी आहे.

आधाराची दांडी जोर लावून ओढून बघा. तिने साधारण ११३ किलो भार पेलायला हवा. नुसत्या टाइलमध्ये किंवा पोकळ भिंतीत स्क्रू मारलेले असले तर ती हलते, आणि हलणारी दांडी नसलेल्या दांडीपेक्षा जास्त धोक्याची, कारण माणूस तिच्यावर विसंबून अंग टाकतो. दार बाहेर उघडावं. आत पडलेल्या माणसाचं अंगच आत उघडणाऱ्या दाराला अडसर होतं. कडी, नळ आणि फ्लश मूठ मिटून चालवून बघा. बोटांत ताकद नसलेल्यांना ते जमेल की नाही, हे त्या एका कृतीतून कळतं. आणि मदतीची लाल दोरी. तिचं टोक जमिनीपासून १०० मिमीपर्यंत खाली लोंबायला हवं, कारण जो पडलाय त्याच्याच हाताला ती लागायची असते. ती बहुतेकदा गुंडाळून वर बांधलेली सापडते, कारण फरशी पुसताना मध्ये येते.

आता गटातल्या गटात जिथे वाद होतो त्याबद्दल. रस्ता ओलांडायच्या जागी व्हीलचेअरला पदपथ आणि रस्ता अगदी एका पातळीत हवा. काठीने चालणाऱ्या अंध व्यक्तीला मात्र ती कड हवीच असते, कारण पदपथ संपून रस्ता सुरू झाला हे तिला कडेवरूनच समजतं. दोघंही बरोबर असतात. बाहेरचे लोक मग म्हणतात, 'तुमचं तुमच्यात आधी ठरवा.' याचं उत्तर कधीचं सापडलेलं आहे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या उठावाच्या फरश्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. कड सपाट करायची आणि तिच्या आधी ठिपक्यांची फरशी बसवायची. ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. लांब उभ्या पट्ट्या म्हणजे या दिशेने चला. दोन गटांनी ही मागणी एकत्र, एकाच वाक्यात लिहिली पाहिजे. 'कड सपाट करा' एवढंच लिहिलं तर तेवढंच होतं, आणि आपल्यातलाच एक जण धोक्यात येतो.

या फरश्या बसवतानाही चुका ठरलेल्या असतात. पट्ट्या आडव्या बसवतात. वाट थेट खांबावर नेऊन सोडतात. फरशीचा रंग आजूबाजूच्या लादीसारखाच ठेवतात, त्यामुळे अंशतः दिसणाऱ्याला तिचा उपयोग होत नाही. वर पायपुसणं टाकतात. काठी जमिनीवरचं शोधते, त्यामुळे जिन्याची तिरकी खालची बाजू किंवा भिंतीतून १०० मिमीपेक्षा बाहेर आलेली पेटी तिला कळत नाही आणि थेट डोक्याला लागते. ब्रेलची पाटी दारावर लावली असेल तर वाचणाऱ्याच्या तोंडावर दार उघडतं. ती दाराच्या मुठीकडच्या भिंतीवर हवी. आणि ब्रेल काचेखाली बसवलेलं आढळलं तर रागावून उपयोग नाही, बसवणाऱ्याचा हात धरून तो त्या काचेवर ठेवा.

पाट्यांची परीक्षा अशी: बौद्धिक अपंगत्व असलेल्या सदस्याला एकच काम सांगा, फाटकापासून अमुक खिडकीपर्यंत कोणालाही न विचारता जायचं. बाकीच्यांनी मागे राहायचं, सुचवायचं नाही. तो जिथे थांबतो तिथे खडूने खूण करा. प्रत्येक खुणेच्या जागी एक पाटी कमी आहे, किंवा आहे ती चुकीची आहे, किंवा तिच्यावर शब्द फार आणि चित्र नाही.

ऐकण्याच्या सोयीत यंत्र बहुधा असतं, चालू नसतं. श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी इंडक्शन लूप बसवलेली असते, भिंतीवर कानाचं चित्रही असतं, पण अॅम्प्लिफायरचं बटण बंद. श्रवणयंत्र 'टी'वर, म्हणजे लूपचा आवाज घेणाऱ्या खुणेवर, ठेवून सदस्याने प्रत्यक्ष ऐकूनच खात्री करायची. सभागृहात आणखी एक गोष्ट घडते. वक्ता म्हणतो, 'माझा आवाज मोठा आहे, माइक नको.' माइक नसेल तर लूपमध्ये काहीच जात नाही. खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या पाठीमागून उजेड येत असेल तर ओठ दिसत नाहीत, तेही नोंदवा. आगीचा इशारा दिव्यानेही मिळतो का ते विचारा, आणि तो दिवा स्वच्छतागृहातही आहे का ते बघा. कर्णबधिर माणूस तिथे एकटा असतो. आग लागली की लिफ्ट बंद होते. तेव्हा वरच्या मजल्यावरची व्हीलचेअर कुठे थांबणार आणि तिला खाली कोण आणणार, हे लेखी मागा. तोंडी उत्तर 'आम्ही आहोत ना' असं असतं.

अहवाल छोटा ठेवा. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी: जागा, मोजलेला आकडा, हवा असलेला आकडा, आणि त्यामुळे कोणाला काय करता येत नाही. मग मुद्द्यांचे तीन ढीग करा. आजच होणारे, म्हणजे कडी काढणं, खोकी हलवणं, दोरी सोडणं. किरकोळ दुरुस्तीत होणारे, म्हणजे कठडा, पाट्या, पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी. आणि बांधकाम लागणारे. पहिला ढीग हातोहात देऊन तिथल्या तिथे करून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं पद लेखी मागा. फोटोत सदस्य दिसत असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि अगतिक दिसणारे फोटो वापरू नका. आकडा दिसणारा टेपचा फोटो जास्त काम करतो.

काही ठिकाणी पाहणीच्या नावाखाली साहेबांना अर्धा तास व्हीलचेअरवर बसवतात किंवा डोळ्यांवर पट्टी बांधतात. मी याच्या विरोधात आहे. पट्टी बांधलेल्या माणसाला काठी वापरण्याचं कौशल्य येत नसतं. तो फक्त भीती अनुभवतो आणि 'बिचारे' म्हणत उठतो. तसंच, नकाशे पक्के झाल्यावर शेवटच्या बैठकीला बोलावणं म्हणजे सल्ला घेणं नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंगांच्या हक्कांच्या करारात कलम ४ मध्ये अपंगांच्या संघटनांशी जवळून विचारविनिमय करण्याचं आणि कलम ९ मध्ये अडथळे शोधून दूर करण्याचं बंधन आहे. बोलावणं आलं की विचारा, नकाशा अजून बदलता येतो का? आणि हे ज्ञान फुकट वाटू नका. प्रवासखर्च आणि मानधन मागा. वास्तुविशारदाकडून कोणी फुकट काम करून घेत नाही.

मिश्र गटाचा आग्रह मी धरते त्याला इतिहासाचाही आधार आहे. अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या कामांत अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं, १९७३च्या कायद्यातलं कलम ५०४ चार वर्षं नियमांवाचून पडून होतं. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभराहून जास्त अपंग व्यक्ती शिरल्या आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथेच राहिल्या. ज्यूडी ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक. आतले फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीत उभं राहून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांशी संपर्क चालू ठेवला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते गरम जेवण पोचवत राहिले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. एकाच प्रकारचं अपंगत्व असलेल्यांचा गट आत असता, तर फोन तुटल्यावर तो इतका सहज बोलू शकला नसता.

काम झाल्याचं पत्र आलं की पुन्हा टेप घेऊन जा. नवा उतारही मोजा, कारण दुरुस्त केलेला रॅम्प १:१०चा निघणं नवं नाही. त्यानंतर दर तीन महिन्यांनी दोघांनी जरी गेलं तरी पुरे. फार काही करायचं नसतं. दोन पाखांच्या दाराची कडी पुन्हा लागली आहे का ते बघायचं, लूपचं बटण बघायचं, स्वच्छतागृहातली खोकी परत आली आहेत का ते बघायचं. लाल दोरी बांधलेली असेल तर सोडायची, आणि तिथे सफाई करणाऱ्या व्यक्तीला ती कशासाठी असते ते सांगायचं. बहुतेक वेळा ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.